जोडी मोठी, पण जोडीच

(प्रस्तावना)

पोकरवरच्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीला एक तक्ता असतो: कोणते दोन पत्ते आले तर खेळायचं आणि कोणते आले तर निमूट टाकून द्यायचे. एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी या तक्त्यात सगळ्यात वर असते आणि तिच्यापुढे एकच सल्ला असतो, रेज करा, म्हणजे लावलेली रक्कम वाढवा. तक्ता तिथेच संपतो. टेबलावर तीन पत्ते उघडल्यावर त्याच जोडीचं काय करायचं हे तो सांगत नाही, आणि मोठे पैसे येतात-जातात ते नेमके तिथून पुढे. हे पुस्तक त्या उरलेल्या भागाचं आहे. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: खेळ नो-लिमिट टेक्सस होल्डेम, हातात मोठी जोडी, फ्लॉप उघडलेला. आता पुढे?

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग सगळ्यांच्या सामाईक उपयोगाचे पाच पत्ते टेबलावर उघडतात: आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, शेवटी आणखी एक, तो रिव्हर. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच मिळून ज्याचे पाच पत्ते सर्वांत चांगले, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, त्याचा. पत्ते वाटल्यावर आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची (बेट), समोरच्याएवढे लावून टिकायची (कॉल) किंवा, कोणी लावलेले नसतील तर, न लावता पुढे जायची (चेक) संधी येते, आणि नो-लिमिट असल्याने कोणीही केव्हाही समोरचे सगळे चिप्स मध्ये सारू शकतो.

आपल्याकडचा बहुतेक वाचक पोकरकडे रमी, मेंढीकोट नाहीतर दिवाळीतल्या तीन पत्तीच्या वाटेने येतो. यातली तीन पत्तीची सवय इथे सर्वांत महाग पडते. तीन पत्तीत वाटले गेलेले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. हातात चांगले पत्ते असतील तर ते पहिल्या चालीला जितके चांगले, तितकेच शेवटच्या चालीला. प्रश्न उरतो तो फक्त समोरच्याच्या धीराचा. होल्डेममध्ये डाव पाच पत्त्यांनी बदलत जातो. पहिल्या क्षणी राजा असलेला हात चौथ्या पत्त्याला भिकेला लागू शकतो, आणि हातातले पत्ते मात्र तेच दिसत राहतात. मोठ्या जोडीची सगळी अडचण इथून सुरू होते.

आधी थोडे आकडे. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या बनतात. त्यांतल्या ७८ समान पत्त्यांच्या, म्हणजे साधारण सतरा डावांत एकदा हातात कुठली तरी जोडी येते. एक्क्यांची जोडी येण्याचे प्रकार फक्त सहा, म्हणजे २२१ डावांत एकदा. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात असं धरलं, तर सात ते नऊ तास बसल्यावर एकदा एक्के दिसतात. एवढी वाट पाहून आलेली वस्तू माणूस सहजासहजी सोडत नाही. त्याला वाटतं, हा डाव आपलाच आहे आणि तो मोठाच व्हायला हवा. या हक्काच्या भावनेने जितके स्टॅक, म्हणजे समोरचे चिप्सचे ढीग, रिकामे केले आहेत, तितके वाईट पत्त्यांनीही केले नसतील.

कारण साधं आहे. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता मिळून सेट लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे. उरलेल्या ८८ टक्के वेळा जोडी होती तशीच राहते. म्हणजे एक्क्यांची जोडी जन्मतःच पूर्ण वाढलेली असते, फ्लॉपनंतर ती फारशी वाढत नाही. वाढतात ते इतरांचे पत्ते. डॉईल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. कुठल्याही तक्त्यात हे पत्ते टाकून द्यायच्या रांगेत असतात. दोन्ही वेळा टेबलावरचे पत्ते येत गेले आणि रिव्हरला त्याचं फुल हाऊस, म्हणजे एकसारखे तीन आणि एक जोडी, झालं. लहान पत्ता कधी कुठे पोहोचेल याचा नेम नसतो. मोठी जोडी जिथे असते तिथेच बहुधा राहते.

हा फरक जवळून बघायचा असेल तर २००१ सालचा त्याच स्पर्धेचा शेवटचा डाव बघावा. लास वेगासचं बिनियन्स हॉर्सशू, ६१३ खेळाडूंतून उरलेले दोघे: ड्युई टॉम्को आणि कार्लोस मोर्टेन्सन. टॉम्को एके काळी बालवाडीचा शिक्षक होता आणि १९८२ साली याच स्पर्धेत दुसरा आला होता. त्याच्या हातात एक्क्यांची जोडी, इस्पिक आणि बदाम. मोर्टेन्सनच्या हातात किलवरचे राजा-राणी. या क्षणी डाव थांबवून पाचही पत्ते पुन्हा पुन्हा उघडत बसलं, तर पाचांतले चार डाव टॉम्कोचे. मग फ्लॉप आला: चौकट गुलाम, किलवर तिर्री, किलवर दश्शी. सगळे चिप्स मध्ये गेले.

टॉम्कोच्या बाजूने पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही. टेबलावर एक्क्यापेक्षा मोठं काही नाही, कोणाची जोडी जमली नाही, त्याची जोडी सगळ्यांच्या वर आहे. आता मोर्टेन्सनच्या बाजूचे पत्ते मोजू. उरलेले नऊ किलवर त्याचा फ्लश, म्हणजे एका रंगाचे पाच पत्ते, पूर्ण करतात. किलवर सोडून उरलेल्या तीन नव्व्या स्ट्रेट, म्हणजे ओळीचे पाच पत्ते, पूर्ण करतात, आणि चौकटचा एक्काही. हे झाले तेरा पत्ते, आणि उघडायचे अजून दोन. पाचांत चार असलेली टॉम्कोची बाजू तीन पत्त्यांत जवळजवळ निम्मी-निम्मी झाली होती. टर्नला चौकट तिर्री आली, रिव्हरला चौकट नव्वी, आणि विजेतेपद मोर्टेन्सनला गेलं. टॉम्कोने तिथे पैसे लावले ते बरोबरच होतं. त्या परिस्थितीत जवळपास कोणीही तेच करेल. पण हा डाव ‘एक्के फुटले’ असं म्हणून सोडून देणारा त्यातून काही शिकत नाही. एक्के रिव्हरला फुटले हे दिसतं. त्यांची किंमत फ्लॉपलाच घसरली होती हे मोजल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून पुस्तकाचा पहिला भाग फ्लॉपच्या पोतावर आहे. खेळाडू याला कोरडा आणि ओला बोर्ड म्हणतात. गुलाम-दश्शी-तिर्री, त्यातले दोन किलवर, हा ओला बोर्ड: टर्नचा जवळजवळ प्रत्येक पत्ता कोणाला ना कोणाला काहीतरी देतो. राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे, हा कोरडा. ओल्या बोर्डवर मोठी जोडी असलेल्याने प्रत्येक पुढच्या पत्त्याची किंमत वसूल करायची असते, आणि ती किंमत मोजता येते. समोरच्याला फ्लशसाठी एक पत्ता हवा असेल तर पुढच्या एका पत्त्यावर तो मिळण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. तुम्ही पॉटच्या एकतृतीयांश बेट लावली, तर कॉल करणं परवडायला त्याला २० टक्के शक्यता पुरते, म्हणजे त्याला माल जवळजवळ खरेदीच्या भावात मिळाला. अर्ध्या पॉटएवढी लावली तर त्याला २५ टक्के लागतात, पूर्ण पॉटएवढी लावली तर ३३. तो तरीही आला तर येऊ द्यावा. प्रत्येक वेळी तो थोडं जास्त मोजून येतो आहे. त्याचा पत्ता कधीमधी लागणारच, आणि म्हणून बेट चुकीची ठरत नाही.

कोरड्या बोर्डवर हिशेब वेगळा. समजा तुमच्याकडे एक्के आहेत, तुम्ही रेज केलं, बिग ब्लाइंडवरच्या (पत्त्यांआधी सक्तीची मोठी रक्कम घालणाऱ्या) एकाने कॉल केलं आणि फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री आला. तो इथवर कोणकोणते पत्ते घेऊन येऊ शकतो? राजा-राणी असण्याचे प्रकार बारा. एक्का-राजा असण्याचे सहा, कारण दोन एक्के तुमच्याच हातात आहेत आणि एक राजा टेबलावर. अठ्ठीपासून गुलामापर्यंतच्या चार जोड्या, प्रत्येकीचे सहा प्रकार, एकूण चोवीस. आणि ज्यांची भीती वाटते ते दोन सेट: सत्तीचे तीन प्रकार, दुर्रीचे तीन. राजांची किंवा राण्यांची जोडी असती तर त्याने आधीच पुन्हा रेज केलं असतं असं धरू. बेचाळीस प्रकारांत तुम्ही पुढे, सहांत मागे. इथे घाबरून चेक करणारा बेचाळीस गिऱ्हाइकांना परत पाठवतो.

आता तोच डाव पुढे नेऊ. फ्लॉपला तुम्ही बेट लावली, त्याने कॉल केलं. टर्नला पुन्हा लावली; अठ्ठ्या-नव्व्या इथे गळतात. रिव्हरला तिसऱ्यांदा लावली, आणि त्याने तुमच्या बेटवर तिप्पट रेज केलं. दश्श्या आणि गुलाम असे रेज करत नाहीत. राजा-राणीवाला बहुतेक वेळा नुसता कॉल करून पत्ते बघतो. बोर्डवर ड्रॉच (एखाद्या पत्त्याने पुरा होणारा फ्लश किंवा स्ट्रेट) नव्हता, त्यामुळे हुकलेला ड्रॉ घेऊन हूल देणाराही कोणी नाही. उरले ते सहा. पत्ते तेच, जोडी तीच, पण फ्लॉपला बेचाळीसास सहा असलेलं प्रमाण रिव्हरच्या एका रेजने उलटं झालं. इथे एक्के टाकता आले पाहिजेत. गंमत अशी की हीच रेज गुलाम-दश्शीच्या ओल्या बोर्डवर, किलवर न येता आली, तर ती तितकी भयंकर नाही, कारण तिथे न जमलेले फ्लश आणि स्ट्रेट घेऊन पॉट पळवायला बघणारे पुष्कळ असतात. नवख्याला ओला बोर्ड धोक्याचा आणि कोरडा सुरक्षित वाटतो. फ्लॉपपुरतं ते खरंही आहे. रिव्हरच्या मोठ्या रेजपुढे मात्र ते बऱ्याचदा उलटं होतं.

दुसरा भाग एक्क्यांपेक्षा खालच्या जोड्यांचा. राजांची जोडी असताना फ्लॉपवर निदान एक एक्का येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के. राण्यांच्या जोडीला राजा किंवा एक्का दिसण्याची ४१ टक्के. गुलामांच्या जोडीला वरचा पत्ता दिसण्याची ५७, दश्श्यांना जवळजवळ ७०. तक्त्यात या जोड्या एकाखाली एक शेजारी बसतात. फ्लॉपनंतर त्यांच्यात कोसांचं अंतर पडतं. २००६ च्या मुख्य स्पर्धेत ८,७७३ खेळाडू होते आणि पहिलं बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. शेवटच्या डावात पॉल वासिकाकडे दश्श्यांची जोडी होती आणि फ्लॉपवर राणी, अठ्ठी, पंजी. जेमी गोल्ड ऑल-इन गेला. गोल्ड त्या स्पर्धेभर टेबलावर अखंड बोलत राहून समोरच्याला गोंधळात टाकण्याबद्दल गाजला होता. वासिकाने कॉल केलं. गोल्डकडे राणी-नव्वी निघाली. दश्श्या मोठ्या की लहान हा प्रश्न तिथे गैरलागू होता. एक राणी उघडली आणि दश्श्या दुसऱ्या क्रमांकाची जोडी झाल्या. त्यानंतर खेळायचं होतं ते समोरच्या माणसाबद्दलच्या अंदाजावर.

राजांची जोडी आणि फ्लॉपवर एक्का, या एका प्रसंगाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. एक जण एक्का दिसताच डाव सोडतो, दुसरा तो दिसलाच नाही अशा थाटात तीनदा बेट लावतो. खरं पाहता समोरच्याकडे एक्का असेल तर तुम्हाला वाचवणारे पत्ते फक्त दोन राजे. नसेल आणि त्याच्याकडे लहान जोडी असेल, तर त्याला वाचवणारेही दोनच. तुम्ही खूप पुढे आहात किंवा खूप मागे, मधलं काही नाही. अशा वेळी पुढचा पत्ता फुकट दाखवण्यात फारसं नुकसान नसतं. म्हणून एकदा चेक करून पॉट लहान ठेवणं, मग एक बेट लावणं किंवा समोरच्याची एक बेट कॉल करणं, आणि तिसऱ्या मोठ्या बेटला थांबणं हा मार्ग बऱ्याचदा बरा पडतो. हाच धीमेपणा राण्या घेऊन दश्शी-नव्वी-सत्तीच्या बोर्डवर दाखवला तर हातचा डाव घालवला म्हणून समजा.

तिसरा भाग पैशांच्या खोलीचा, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत उपयोगी. फ्लॉपला पॉट किती आणि मागे उरलेला स्टॅक त्याच्या किती पट, हे गुणोत्तर मोठ्या जोडीचं भवितव्य ठरवतं. मॅट फ्लिन, सनी मेहता आणि एड मिलर यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात या गुणोत्तराला मध्यवर्ती जागा दिली, आणि तेव्हापासून ते टेबलावरच्या रोजच्या बोलण्यात आलं. दोघांकडे शंभर-शंभर बिग ब्लाइंड आहेत असं धरा. तुम्ही तीन ब्लाइंडचं रेज केलं आणि बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केलं, तर पॉट साडेसहा, मागे ९७. गुणोत्तर जवळजवळ पंधरा. याच डावात फ्लॉपआधी आणखी एक रेज होऊन दोघांचे दहा-दहा गेले, तर पॉट एकवीसच्या आसपास आणि मागे ९०, गुणोत्तर चार. पहिल्या स्थितीत पॉटएवढ्या तीन बेट लावल्या तरी सगळे पैसे मध्ये जात नाहीत. दुसऱ्या स्थितीत तशा दोनमध्येच जवळजवळ सगळे जातात.

चारच्या गुणोत्तरात एक्के, राजे घेऊन, बोर्ड अगदीच भयानक नसेल तर, मागे वळून बघू नये. सेट लागला असेल समोर तर लागला असेल. तो हिशेबात धरलेला खर्च आहे. पंधराच्या गुणोत्तरात मात्र शंभर ब्लाइंड एका जोडीवर मध्ये जात असतील, तर समोरच्याकडे तुमच्यापेक्षा कमी काय असेल, हा प्रश्न विचारावाच लागतो. मोठ्या जोडीवाल्याचं निम्मं काम म्हणूनच फ्लॉपच्या आधी होतं. रेज मोठं ठेवा, येणाऱ्यांची गर्दी कमी करा, गुणोत्तर खाली आणा. एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरांत ८५ वेळा जिंकतात, चार हातांविरुद्ध ५६ वेळा, आणि नऊ जणांना शेवटपर्यंत येऊ दिलं तर ३१ वेळा. ‘सगळ्यांना येऊ दे, पॉट मोठा होईल’ असं म्हणणाऱ्याने हे तीन आकडे लक्षात ठेवावेत: पॉट मोठा होतो हे खरं, पण तो तुमचा असण्याची शक्यता त्याच वेळी घटत जाते आणि फ्लॉपनंतरचा प्रत्येक निर्णय अवघड होतो.

गुणोत्तराला एक दुसरी बाजूही आहे. लहान जोडी घेऊन सेटच्या आशेने कॉल करणाऱ्याला साडेआठ वेळांत एकदा सेट लागतो. त्याने प्रत्येक वेळी तीन ब्लाइंड घातले, तर लागेल त्या एका वेळी त्याला तुमच्याकडून सरासरी बावीस-तेवीस ब्लाइंड काढता आले पाहिजेत, नाहीतर त्याचा धंदा तोट्यात. तुम्ही एक्के टाकायला कधीच तयार नसाल तर त्याला शंभर मिळतात आणि त्याचा कॉल सोन्यासारखा ठरतो. योग्य जागी थांबलात तर त्याच कॉलमध्ये त्याचे पैसे जातात. त्याचं फ्लॉपआधीचं खेळणं बरोबर की चूक, हे तुमच्या फ्लॉपनंतरच्या शिस्तीवर ठरतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, पुस्तक सावधपणा शिकवतं. तसं नाही. मोठ्या जोडीवर सर्वांत जास्त पैसे कुठे बुडतात असं विचाराल, तर माझं उत्तर सेटविरुद्ध हरण्यात नाही. न लावलेल्या बेटमध्ये. सेटने हरलेला डाव माणूस वर्षभर सांगत फिरतो. राजा-राणीवाला तीनदा कॉल करायला तयार बसला होता आणि आपण टर्नला घाबरून चेक केलं, हा डाव कोणालाच आठवत नाही, कारण तो आपणच जिंकलेला असतो. पहिल्या प्रकारचा प्रसंग क्वचित येतो, दुसऱ्या प्रकारचा दर बैठकीला. गोगलगायीच्या चालीने ‘स्लो प्ले’ करून समोरच्याला फसवण्याची हौसही याच खात्यात जमा करावी. कोरड्या बोर्डवर सेट लागलेला असताना ती परवडते. नुसती जोडी घेऊन ओल्या बोर्डवर केली तर आपणच फसतो.

आणि कधी कधी काहीच चुकत नाही. २०१७ च्या मुख्य स्पर्धेच्या सुरुवातीलाच व्हॅनेसा सेल्ब्स्टकडे एक्के होते आणि फ्लॉपवर एक्का-सत्ती-पंजी. टर्नला आणखी एक सत्ती आली, सेल्ब्स्टचं फुल हाऊस झालं. गाएल बोमानच्या हातात सत्तींची जोडी होती; तिच्या चार सत्त्या झाल्या. सेल्ब्स्ट स्पर्धेबाहेर गेली. जागतिक दर्जाच्या खेळाडूलाही त्यातून सुटायला वाट नव्हती. असे डाव पुस्तकात मुद्दाम घेतले आहेत, म्हणजे वाचकाला टाळता येणारी हार आणि न टाळता येणारी हार वेगळी करता यावी. दोन्ही एकाच पोत्यात घातल्या की माणूस भलत्याच डावातून भलताच धडा घेतो आणि पुढच्या वेळी चांगला कॉलही करत नाही.

संगणकांनी या विषयात काय भर घातली हेही थोडक्यात सांगतो. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने समोरासमोरच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. २०१९ मध्ये त्याच गटाच्या प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही मात केली. याच काळात गणित करून देणारे सॉल्व्हर अभ्यासू खेळाडूच्या नित्याचे झाले. त्यांच्यातून मोठ्या जोडीबद्दल दिसलेली मुख्य गोष्ट म्हणजे, एखादी जोडी एकटी खेळली जात नाही. कोरड्या बोर्डवर लहान बेट चालते, कारण तीच बेट तुम्ही रिकाम्या हातानेही लावत असता. तुमच्या मोठ्या बेट फक्त एक्क्यांनाच येत असतील तर समोरच्याला तुमचे पत्ते बघायची गरजच उरत नाही. सॉल्व्हरची उत्तरं मात्र तितकाच निर्दोष खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला गृहीत धरतात. रविवारी रात्री तीन पेग झालेला, कुठलीही जोडी न टाकणारा खेळाडू समोर असेल तर सॉल्व्हर बाजूला ठेवून मोठी बेट लावावी आणि हूल देणं बंद करावं.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. ऑनलाइन पैशांचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद ठेवलेला नाही, त्यामुळे ऑनलाइन पोकरही त्यात आलं. प्रत्यक्ष टेबलावरच्या पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच मानलं, तर इतरत्र वेगळे सूर निघाले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर परवानाधारक कॅसिनो आहेत आणि मुंबई-पुण्याहून तिथे जाणाऱ्यांची वर्दळ असते. हे पुस्तक कोणालाही तिकडे ढकलण्यासाठी लिहिलेलं नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, याचा अभ्यास काडेपेटीतल्या काड्या लावूनही तितकाच होतो.

वाचायची पद्धत अशी ठेवावी. पत्त्यांचा कॅट शेजारी घ्या. प्रत्येक प्रकरणातले डाव टेबलावर मांडा, फ्लॉप उघडा, आणि पुढचं पान उलटण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: माझ्यापेक्षा कमी काय घेऊन हा कॉल करेल, आणि मागे पॉटच्या किती पट पैसे आहेत. पहिल्याचं उत्तर भरघोस असेल तर बेट लावा. ते आकसत चाललं असेल आणि दुसऱ्याचं उत्तर मोठं असेल तर थांबा. पुस्तकभर याच दोन प्रश्नांची उजळणी आहे. पैसे लावून खेळणार असाल तर जेवढे गेले तरी घरात कोणाला कळणार नाही आणि कळलं तरी लाज वाटणार नाही, तेवढेच खिशात घेऊन बसा. ते जमत नसेल तर पुढची पानं काड्यांवरच वाचा. त्यात काही कमी पडणार नाही.